टाइम ट्रायलमध्ये मोटारसायकलींचे काय काम?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तासगाव रस्त्यावर झालेल्या हौशी सायकलपटूंच्या टाइम ट्रायल स्पर्धेचे वृत्त गेल्या सोमवारी आपल्या दैनिकाच्या सांगली पानावर छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. हिरवा झेंडा दाखवणाऱ्या आणि बक्षिसे देणाऱ्या सात मान्यवरांची नावे त्यात आली, प्रत्येक गटातील पहिल्या तिघांची नावे आली, परंतु ७४ स्पर्धकांपैकी एकाचीही वेळ आली नाही. ज्या शर्यतीत प्रतिस्पर्धी असे फक्त घड्याळच असते, तिच्या वृत्तात घड्याळाचाच पत्ता नसावा, याचे मला आधी हसू आले. नंतर वाटले की यात वार्ताहराचा दोष थोडाच आहे. त्या सकाळी ज्या वेळा नोंदल्या गेल्या, त्या छापण्याजोग्या राहिल्याच नव्हत्या. मी स्वतः पन्नास वर्षांवरील गटात उतरलो होतो आणि सातवा आलो. त्यामुळे बक्षीस हुकल्याच्या रागातून हे पत्र लिहिले आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. सातव्याचे बक्षीस कोणाच्याही हातून हुकत नसते.

सायकल शर्यत म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबई–पुणे शर्यत येते: एकाच वेळी सुटलेला मोठा जथा, बोरघाटाची चढण आणि ‘घाटांचा राजा’ हा किताब. टाइम ट्रायल हा निराळा प्रकार आहे. यात स्पर्धक एकेक करून, बहुधा एकेक मिनिटाच्या अंतराने सोडले जातात, प्रत्येकाने ठरलेले अंतर एकट्याने कापायचे असते आणि सर्वांत कमी वेळ घेणारा जिंकतो. पुढच्याच्या मागे लपायचे नाही, जथ्यात दम राखून शेवटच्या दोनशे मीटरांत उसळी घ्यायची नाही, डावपेचांना तर जवळजवळ जागाच नाही. तुमच्या पायांत आणि छातीत जे असेल तेवढेच उतरते.

हा प्रकार जन्माला कसा आला, ते आपल्या परिस्थितीशी इतके जुळते की थोडक्यात सांगणे भाग आहे. इंग्लंडमध्ये १८९४ साली एका सायकल शर्यतीतील स्वारांमुळे घोडागाडीचा घोडा बुजला, स्वार एकमेकांवर आदळले, पोलिसांकडे तक्रारी गेल्या आणि सार्वजनिक रस्त्यावर जथ्याने शर्यती घेणेच अवघड होऊन बसले. त्या दिवशी पडलेल्यांपैकी एक, बिडलेक नावाचे गृहस्थ, यांनी ५ ऑक्टोबर १८९५ रोजी ५० मैलांची शर्यत वेगळ्या पद्धतीने घेतली. स्पर्धक एकेकटे सोडले, म्हणजे रस्त्यावरच्या इतरांना ही शर्यत आहे याची जाणीवही होऊ नये. पुढे कित्येक वर्षे तेथील स्वार भल्या पहाटे, अंगभर काळे कपडे घालून, गाजावाजा न करता शर्यत करीत असत. सांगायचे इतकेच की रस्ता बंद न करता, वाहतुकीला आणि जनावरांना त्रास न देता शर्यत घेता यावी, हेच टाइम ट्रायलचे मूळ आहे. पूर्ण रस्ता अडवणे ज्यांना परवडत नाही आणि मिळतही नाही, अशा आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावांना याहून सोयीचा प्रकार मला तरी दिसत नाही. म्हणूनच ही स्पर्धा जाहीर झाली तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना आनंद झाला होता, आणि ज्यांनी ती भरवण्याची खटपट केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे.

आता त्या सकाळविषयी. मार्ग कवलापूर ओलांडल्यावर सुरू होऊन कवठे एकंदच्या दिशेने ८ किलोमीटर जाणे आणि तेथून वळून परत येणे, असा एकूण १६ किलोमीटरचा जाहीर केला होता. पावणेसातला सुटणारा पहिला स्पर्धक प्रत्यक्षात सात चाळीसला सुटला, कारण झेंडा दाखवणारे पाहुणे यायचे होते आणि आल्यावर त्यांना चार शब्द बोलायचे होते. जथ्याच्या शर्यतीत असा उशीर सर्वांना सारखाच भोवतो, म्हणून आपण तो हसून सोडून देतो. टाइम ट्रायलमध्ये तसे होत नाही. फेब्रुवारीत आपल्या भागात पहाटे हवा निपचित असते आणि ऊन चढू लागले की वारा उठतो. पावणेसातला सुरुवात झाली असती तर ७४ वा स्पर्धकही आठच्या आत सुटला असता. प्रत्यक्षात तो नऊला सात मिनिटे कमी असताना सुटला आणि तोवर वारा चांगलाच वाहू लागला होता. अनेकांना वाटते की जाऊन-येऊन मार्ग असल्यावर वाऱ्याचा हिशेब फिटतो, जाताना तोंडावर आला तर येताना पाठीवर येईल. तसे होत नाही. शांत हवेत ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्याला १६ किलोमीटरला ३२ मिनिटे लागतात. वाऱ्यामुळे तोच जाताना २५ ने आणि येताना ३५ ने गेला, तर त्याला जवळजवळ ३३ मिनिटे लागतात, कारण वाऱ्याविरुद्ध तो जास्त वेळ झगडत असतो. झेंड्यापायी झालेला उशीर असा शेवटच्या स्पर्धकांच्या वेळांत जमा झाला.

माझा क्रमांक २४. मागून एका स्वयंसेवकाने सीट धरून सायकल उभी ठेवली होती, दोन्ही पाय पेडलवर अडकवलेले, आणि समोरचा मुलगा बोटे दुमडत पाच, चार, तीन मोजत होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला शहाणपण आलेले असावे, अशी अपेक्षा असते. मी पहिले दोन किलोमीटर ताशी ३४ ने मारले आणि त्याचे व्याज पुढचे सहा किलोमीटर फेडत बसलो. टाइम ट्रायलमध्ये नव्या माणसाची हीच चूक होते. सुरुवातीला पाय हलके असतात, रस्त्याकडेला लोक टाळ्या वाजवत असतात, आणि आपण आपल्या ताकदीच्या पलीकडे जात आहोत हे छातीला तीन मिनिटे उशिरा कळते. कुमठे फाट्याचा परिसर मागे पडेपर्यंत तोंडाला कोरड पडली होती आणि द्राक्षबागांतून येणारा औषधफवारणीचा वास घशात बसला होता.

अशा अवस्थेत असताना माझ्या मागून दोन मिनिटांनी सुटलेला तरुण मला गाठून पुढे गेला. त्याचे मला वाईट वाटले नाही. तो माझ्या मुलाच्या वयाचा होता. परंतु त्याच्या पुढे, फार तर तीन मीटरांवर, एक मोटारसायकल चालली होती, तिच्यावर मागे तोंड करून बसलेला त्याचा मित्र “हाण! हाण!” म्हणून ओरडत होता, आणि बाजूने आणखी दोन मोटारसायकली मोबाइलवर चित्रीकरण करीत चालल्या होत्या. परतीच्या वाटेवर मी जितक्या स्पर्धकांना समोरून पाहिले, त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास तरी असा ताफा होता.

ही रीत कोठून आली ते आपल्या भागात कोणाला सांगावे लागणार नाही. बैलगाड्यांच्या आणि घोडा-बैलाच्या शर्यतींत गाडीच्या मागेपुढे मोटारसायकलींचा लोंढा धावतो, हाकारे देतो, जनावरांना चेव आणतो. तेथे ती रीत धोक्याची असूनही रुळली आहे. तीच सवय आपण विचार न करता सायकलच्या शर्यतीत आणली. मुलांच्या मनात कपट होते, असे मी म्हणत नाही. आपण मित्राला हुरूप देत आहोत, अशीच त्यांची भावना असणार. परंतु पुढे चाललेली मोटारसायकल हुरूप देत नाही, ती वारा अडवते, आणि सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा सगळा झगडा वाऱ्याशीच असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ३० वरून ४० वर जायचे असेल तर एकट्या हवेसाठी जवळजवळ २.४ पट शक्ती खर्चावी लागते. दुसऱ्या सायकलच्या नुसत्या मागे राहिले तरी या विरोधातला चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो. मोटारसायकल आणि तिच्यावरचे दोन बसलेले गडी यांचा आडोसा किती मोठा, ते वाचकांनीच ताडावे. इतकेच काय, मागून अगदी चिकटून चालणाऱ्या मोटारसायकलीमुळेही पुढच्या सायकलस्वाराला थोडा फायदा होतो.

मोटारसायकलीच्या मागे सायकल चालवणे हा सरावाचा मान्य प्रकार आहे आणि चांगले प्रशिक्षक तो मुद्दाम करून घेतात, हे मला ठाऊक आहे. स्पर्धेत मात्र आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे नियम याबाबत फार कडक आहेत. एका स्वाराने दुसऱ्याला गाठले तर ओलांडताना दोघांत निदान २ मीटरचे बाजूचे अंतर हवे, आणि किलोमीटरभरानंतर गाठल्या गेलेल्याने निदान २५ मीटर मागे राहायला हवे. व्यावसायिक स्वारामागून संघाची गाडी असते, पण तिनेही ठरलेले अंतर राखून मागेच राहावे लागते आणि स्वाराच्या बरोबरीला येण्याचीही तिला मुभा नसते. हौशी स्पर्धेत इतके पंच कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु २५ मीटरची पट्टी कोणी लावू नये, मोटारसायकल मात्र दिसता क्षणी बाजूला काढावी, एवढे तर दोन स्वयंसेवकही करू शकतात.

येथे माझीही एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे पत्र सोवळे ठरेल. परतीच्या वाटेवर एक दुधाचा टेम्पो मला ओलांडून गेला आणि गतिरोधकापाशी मंदावला. मी त्याच्या मागे लागलो आणि अडीच-तीनशे मीटर त्याच्या आडोशाला राहिलो. नियम मला माहीत होता. वारा एकाएकी थांबल्यावर जे सुख वाटले ते सोडवेना, हेच खरे. त्या अंतरात मला काही सेकंद फुकट मिळाले, आणि माझी जी वेळ नोंदली गेली, ३३ मिनिटे ४१ सेकंद, ती पूर्णपणे माझी नाही. स्पर्धेनंतर मी हे नोंदणीच्या टेबलावर सांगितले, तेव्हा तेथील गृहस्थ हसून म्हणाले, “काका, तुम्ही कुठं नंबरात आहात?”

दुसरी गोष्ट अंतराची. माझी सारी नोकरी जमीन मोजणीत गेली. ३३ फुटांची सोळा आण्यांची साखळी बांधावरून ओढत मी सुरुवात केली आणि उपग्रहावर चालणारी यंत्रे हाती येईपर्यंत नोकरीत राहिलो. बांध हातभर सरकला तर भावाभावांत काय होते ते मी पाहिलेले आहे. त्यामुळे वळणाच्या ठिकाणी माझी नजर आपोआप खुणेकडे गेली. रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ होती आणि प्लॅस्टिकचा कोन मात्र तिच्याही पुढे, एका मोरीपाशी ठेवलेला होता. चौकशी केल्यावर कळले की साधारण विसावा स्पर्धक वळून गेल्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या नेमक्या त्या रेघेपाशी येऊन थांबल्या, आणि अपघात नको म्हणून तेथील स्वयंसेवकाने कोन पुढे सरकवला. त्याने प्रसंगावधान राखले, त्याला मी दोष देणार नाही. परंतु ट्रॉल्या गेल्यावर कोन मागे आणण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि पुढच्या पन्नासहून अधिक स्पर्धकांनी त्या लांबच्या वळणावरूनच शर्यत पुरी केली.

पुढच्या रविवारी मी सायकल घेऊन पुन्हा तेथे गेलो. रेघ आणि मोरी यांतील अंतर ६० मीटर भरले, म्हणजे जुन्या हिशेबाने सहा साखळ्या. जाऊन-येऊन १२० मीटर. माझ्या वेगाने त्याला १५ सेकंद लागतात, ताशी ४० ने जाणाऱ्याला ११. आमच्या गटात तिसऱ्या आणि चौथ्या स्पर्धकाच्या नोंदलेल्या वेळांत ९ सेकंदांचा फरक होता, आणि तिसरा स्पर्धक कोन सरकण्यापूर्वी वळलेला, तर चौथा नंतर वळलेला होता. दोघेही सज्जन आहेत, रोज सकाळी एकत्र सायकल चालवतात, त्यामुळे विषय वाढला नाही. १९८९ साली फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची स्पर्धा शेवटच्या दिवशीच्या साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलवर अवघ्या ८ सेकंदांनी फिरली होती. निदान या खेळात तरी ९ सेकंद ही किरकोळ गोष्ट म्हणता येणार नाही.

शिवाय मूळ अंतरही १६ किलोमीटर नव्हते. सुरुवातीच्या रेघेपासून फक्कीच्या रेघेपर्यंत मला ७.८३ किलोमीटर मिळाले. हे अंतर चारचाकीच्या काट्यावर मोजले होते, असे समजले. सायकलला बसवण्याचे साधे, तारेचे मीटर यापेक्षा बरे काम देते, मात्र त्यात चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरावा लागतो आणि तो पुस्तकातून न घेता स्वतः मोजावा लागतो. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरून, सायकलवर बसून, व्हॉल्व्ह जमिनीलगत असताना खूण करायची, चाकाचे दहा फेरे सरळ रेषेत पुढे जायचे, पुन्हा खूण करायची आणि टेपने मोजायचे. माझ्या चाकाचे दहा फेरे २१ मीटर ३६ सेंटिमीटर भरतात. परीघ नुसता सेंटिमीटरभर चुकला तर ८ किलोमीटरला ३७ मीटरचा फरक पडतो, म्हणून दहा फेरे. एवढ्या उठाठेवीला अर्धा तास पुरतो आणि पुढे कित्येक वर्षे तो मार्ग मोजलेला राहतो, म्हणजे यंदाची वेळ पुढच्या वर्षीच्या वेळेशी ताडून पाहता येते. आम्हा वयस्कांना तेच हवे असते. बक्षिसाची आशा नसलेला माणूस या शर्यतीत उतरतो तो गेल्या वर्षीच्या स्वतःला गाठण्यासाठी.

वेळ मोजण्याच्या पद्धतीबद्दल फार लिहीत नाही. महागड्या चिप नसल्या तरी चालते. एकच घड्याळ सुरू करावे आणि ते शेवटपर्यंत बंद करू नये. छातीवरचा क्रमांक हीच सुटण्याची मिनिटे समजावी, म्हणजे क्रमांक २४ हा २४ व्या मिनिटाला सुटणार. आणि परत आल्यावर घड्याळात जे दिसेल त्यातून २४ वजा करावे. जो उशिरा सुरुवातीला पोहोचेल, त्याचे घड्याळ त्याच्यासाठी थांबणार नाही. इंग्लंडातील क्लब हीच पद्धत वापरतात आणि ती वहीवर चालते. आपल्याकडे दोन मोबाइलवर दोघांनी वेगवेगळ्या वेळा नोंदल्या आणि नंतर त्यांचा मेळ घालण्यात दीड तास गेला.

गटांबाबत मात्र थोडे थांबावे लागेल. खुल्या गटात एका स्पर्धकाकडे पुढे कोपर टेकवून वाकायचे एरोबार आणि खोल रिमची चाके असलेली टाइम ट्रायलची सायकल होती, तर त्याच गटात तासगाव तालुक्यातील एक मुलगा विना गिअरची साधी सायकल घेऊन आला होता. आदल्या रात्री कॅरिअर आणि मडगार्ड काढून ठेवले, असे त्याने मला सांगितले. हेल्मेट शेजाऱ्याचे मागून आणले होते. त्याने ३१ मिनिटे आणि काही सेकंदांत अंतर कापले. त्याच्या सोबत एकही मोटारसायकल नव्हती आणि कोन सरकल्यानंतरच्या लांब मार्गावरून तो गेला होता. तो एकोणिसावा आला. ही वेळ साध्या सायकलवर किती मोठी आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही, कारण निकालाच्या फलकावर प्रत्येक गटातले तिघेच होते. आपल्याकडच्या गावोगावच्या शर्यतींत साध्या सायकलचा आणि गिअरच्या सायकलचा गट पूर्वीपासून वेगळा असतो; येथे तो का ठेवला नाही, ते कळत नाही. एरोबारवाल्यांचाही वेगळा गट असावा, किंवा हौशी स्पर्धेत ते लावूच देऊ नयेत. मुलींच्या गटाला ८ किलोमीटरच ठेवले होते, त्याचेही कारण मला समजले नाही, कारण त्या गटातल्या निदान तिघी माझ्याहून वेगात होत्या.

आयोजकांनी दिवाळीनंतर पुन्हा अशी स्पर्धा घेण्याचे जाहीर केले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. माझी त्यांना विनंती आहे की पाहुण्यांना झेंडा द्यायचा असेल तर तो बक्षीस समारंभात द्यावा आणि पहिला स्पर्धक उजाडताच सोडावा. गाळप हंगाम सुरू होण्याच्या आधीचा रविवार निवडावा, म्हणजे ट्रॉल्यांचा प्रश्नच राहणार नाही. वळणाची जागा तैलरंगाने आखून तेथे क्रमांक टिपणारा माणूस बसवावा. आणि नोंदणीच्या अर्जावरच असे छापावे की ज्या स्पर्धकासोबत मोटारसायकल दिसेल त्याची वेळ धरली जाणार नाही. एकदा दोघांची वेळ रद्द झाली की मित्रमंडळी वळणावर उभे राहून ओरडायला शिकतील, आणि तेथे त्यांचा आवाज स्पर्धकाला अधिक हवा असतो. आपल्या दैनिकालाही विनंती की पुढच्या वेळी मान्यवरांच्या नावांतून थोडी जागा वाचवून सर्व स्पर्धकांच्या वेळा, अगदी ७४ व्यापर्यंत, बारीक टाइपात का होईना छापाव्यात.

मार्ग मोजून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. टेप, रंग आणि ब्रश माझ्याकडे आहे. कोणत्याही रविवारी पहाटे साडेपाचला, वाहतूक सुरू होण्याआधी, कवलापूरपाशी यावे लागेल. मोजणीला दोन माणसे लागतात, तेव्हा टेपचे दुसरे टोक धरायला आयोजकांपैकी कोणी आले तर बरे होईल, म्हणजे अंतराबद्दल पुढे वाद राहणार नाही.

कळावे,

आपला,
एक स्पर्धक व निवृत्त भूकरमापक,
विश्रामबाग, सांगली